महिन्याला दहा

जुलै. मॉन्टेव्हिडिओत हाडं गोठवणारी थंडी.
नदीवरचा वारा दुकानाच्या दारापाशी
लाजऱ्या गिऱ्हाइकासारखा घुटमळतो, आत येत नाही.
आदेमार एचेवेरींची लाँड्री, बापाच्या वेळची.
वाफेच्या इस्त्रीमागे पाटी: ‘उत्तम वस्त्रांची निगा’.
अक्षरं सोनेरी, वळणदार.
“माइते, हेच शब्द साइटवर सगळ्यात वर घाल,” ते म्हणाले.
मी हँगर बाजूला सारून लॅपटॉप काउंटरवर ठेवला.
उत्तम वस्त्रांची निगा. शोधणारे: शून्य.

“शून्य म्हणजे?”
म्हणजे या अख्ख्या देशात
अडचणीच्या वेळी कुणालाही
तुमची पाटी आठवत नाही, डॉन आदेमार.
हे मी बोलले नाही. म्हटलं, थोडं बदलून पाहू.

अडलेला माणूस विशेषणं वापरत नाही.
तो लिहितो: वाईनचा डाग.
तो लिहितो: लोकरीचा कोट आटला.
उद्या लग्न झगा पिवळा पडला काय करू.
लिहितो अंगठ्याने, घाईत, अशुद्ध.
लाँड्रीच्या बरोबर स्पेलिंगपेक्षा
एका चिन्हाने चुकलेल्या स्पेलिंगकडे गर्दी तिप्पट.
आदेमारना ते लागलं. बापाने म्हणे पाटी रंगवण्याआधी
शेजारच्या मास्तरांकडून तपासून घेतली होती.

आपण कुणाकडे शब्द टाकतो ना,
पोराच्या नोकरीसाठी, चार पैसे उसने हवेत म्हणून,
खाली बघत, आवाज उतरवून,
तसाच लोक त्या पांढऱ्या चौकटीत शब्द टाकतात.
तो खाली पडू नये, एवढंच माझं काम.
पगार मिळतो त्याचा. उगाच पुण्य नको चिकटवायला.

यादी केली. किती शोध, किती स्पर्धा,
एका क्लिकला किती पेसो.
‘स्वस्त’ला ते हात लावू देईनात.
‘तातडीने’ला तयार झाले, गुरुवार सोडून.
‘जवळची लाँड्री’वर मॉलवाल्यांनी ठाण मांडलेलं,
तिथे आमची डाळ शिजणार नव्हती.

आणि तळाशी, चौथ्या पानावर, एक लांबलचक ओळ:
कोट धुवायचा आहे पण त्याचा वास जाऊ द्यायचा नाही.
महिन्याला दहा.

दहाच्या खाली हे साधन मोजत नाही.
दहा म्हणजे सात असतील, दोन असतील,
किंवा एकच कुणी,
रात्री उठून पुन्हा पुन्हा तेच विचारणारं.

मी ओळ वाचून दाखवली, हसण्यावारी.
आदेमारनी माते चहाची नळी ओठांपासून लांब केली.
“कुणाचा वास?”
ते लिहिलेलं नाही.
“धुतलं की जातो. सगळाच जातो,” ते म्हणाले.
“एक्केचाळीस वर्षं मी तेच करतोय.
लोक पैसे देतात, मी कापडातून माणसं काढून टाकतो.”

मग थोड्या वेळाने,
कुणाच्या तरी पँटची घडी मोडत:
“लिही. असा कोट धुऊ नका. घेऊन या.
कॉलर ब्रशने झाडून देऊ, बटण सुटलं असेल तर लावून देऊ.
पैसे नाहीत.”
याने धंदा येणार नाही, मी म्हटलं.
“लिही ना.”

ऑगस्टमध्ये वाईनचे डाग आले, पडदे आले,
बाहुलीला होईल एवढा आटलेला एक स्वेटर आला.
एक बाई करडा कोट घेऊन आली, बटणासाठी.
काही बोलली नाही.
आदेमारनी तो हातभर लांब धरून टाका घातला,
नाकाजवळ नेला नाही, एवढं मी पाहिलं.

सप्टेंबरात त्या ओळीसमोर आकडा नव्हता,
नुसती आडवी रेघ.
उत्तर मिळालं, की वास आपोआप विरला,
की वैतागून टाकला एकदाचा मशीनमध्ये?

मी बिल पाठवलं अकरा शब्दांचं.
बारावी ओळ साइटवर अजून आहे.